पाषाणचं सोनं मांजरीला का पोचलं नाही

पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या काठी मांजरी आहे. ३० जून २०२१ रोजी जी २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यांत मांजरी बुद्रुकही होतं. पण महापालिकेचा पत्ता लागण्याच्या खूप आधीपासून महाराष्ट्राला या गावाचं नाव ठाऊक होतं. ऊस पिकवणाऱ्याला मांजरी म्हणजे १९७५ साली सहकारी कारखान्यांनी उभी केलेली संस्था, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. द्राक्षबागायतदाराला मांजरी म्हणजे १९९७ पासूनचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र. आणि ज्याचा ऊस-द्राक्षांशी काही संबंध नाही, त्यालाही करोनाच्या काळात मांजरी कळली, ती सीरम इन्स्टिट्यूटमुळे. हडपसरला १९६६ साली घोड्यांच्या रक्तातून धनुर्वाताचं प्रतिविष काढण्यापासून सुरू झालेली ही कंपनी वाढत वाढत मांजरीत आली. या पट्ट्याचं काम एका वाक्यात सांगता येतं: प्रयोगशाळेत एकदा जमलेली गोष्ट लाखो वेळा तशीच्या तशी जमवून दाखवायची.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला, पाषाणच्या रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. पुणेकर तिला एनसीएल म्हणतात. तिथलं काम याच्या उलटं. गोष्ट पहिल्यांदा जमवायची. २००४ साली तिथे अशी एक गोष्ट जमली, की तिची बातमी जगभरच्या पदार्थविज्ञानाच्या वर्तुळात पसरली. गवती चहाच्या काढ्यात सोन्याचं द्रावण ओतलं आणि भांड्यात सोन्याचे चपटे त्रिकोण तयार झाले, डोळ्याला दिसणार नाहीत इतके लहान. ज्या प्रकाशाने कॅन्सरची गाठ आतून तापवता येईल असं त्या काळात वाटू लागलं होतं, नेमका तोच प्रकाश हे त्रिकोण शोषत होते. पाषाण ते मांजरी हे अंतर वीसेक किलोमीटरचं. या सोन्याने ते अजून कापलेलं नाही. का, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

५ फेब्रुवारी १८५७ रोजी मायकेल फॅरडेने लंडनच्या रॉयल सोसायटीत सोन्याचं आणि प्रकाशाचं नातं या विषयावर व्याख्यान दिलं. विजेच्या प्रयोगांसाठी जगाला माहीत असलेला हा माणूस त्या सुमारास सोन्याच्या वर्खामागे लागला होता. सोन्याच्या क्षाराचं द्रावण घेऊन त्याने त्यात फॉस्फरस घातला आणि माणकासारखं लाल पाणी मिळवलं. ते पाणी लाल का, याचं त्याने दिलेलं उत्तर धाडसी होतं. हे विरघळलेलं सोनं नाही, हे तरंगणारं सोनंच आहे, फक्त कण इतके बारीक आहेत की कुठल्याही सूक्ष्मदर्शकात दिसणार नाहीत. त्याने त्या द्रवातून प्रकाशाचा झोत सोडला, झोताचा मार्ग आत उजळून दिसला, आणि कण आहेत याचा तोच त्याचा पुरावा. फॅरडेने केलेले काही नमुने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवलेले आहेत.

फॅरडेला कणांचा पुरावा मिळाला, पण रंगाचं गणित मांडायला १९०८ साल उजाडलं. जर्मनीत गुस्ताव मी याने ते मांडलं. आजच्या भाषेत सांगायचं तर सोन्याच्या कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशलहरींच्या तालावर एकदम मागेपुढे होतात. कण वीसेक नॅनोमीटरचा आणि गोल असेल, तर हा ताल सुमारे ५२० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाशी जुळतो. हिरवा गिळला गेला की उरलेला प्रकाश लाल दिसतो. गर्भधारणेच्या घरगुती चाचणीत पट्टीवर जी गुलाबी रेघ उमटते, तीही बहुधा अशाच सोन्याच्या कणांची असते. म्हणजे सोनं गावोगावच्या औषधाच्या दुकानात पोचलेलंच आहे, फक्त वेगळ्या कामाला.

गिळलेल्या प्रकाशाचं पुढे काय होतं? त्याची उष्णता होते. सोन्याचा कण प्रकाश फारसा परत देत नाही, तो तापतो आणि भोवतालचं पाणी तापवतो. एवढी साधी गोष्ट औषधाच्या कामी यायला मात्र जवळपास शतक गेलं.

उष्णतेने गाठ विरघळते ही समजूत त्याहूनही जुनी. १८६६ साली जर्मन शल्यविशारद बुश याने नोंदवलं की चेहऱ्यावरची एक गाठ, रुग्णाला विसर्पाचा जोरदार ताप येऊन गेल्यावर, नाहीशी झाली. १८९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली याने मुद्दाम जंतू टोचून रुग्णांना ताप आणण्याचा धोका पत्करला. काही बरे झाले, काही दगावले. आज कोलीचं नाव रोगप्रतिकारशक्तीच्या उपचारांत घेतलं जातं, तापाच्या नव्हे. तरी मूळ निरीक्षण खरं होतं: ४२-४३ अंशांच्या वर पेशी फार वेळ टिकत नाहीत, आणि ५० च्या पुढे तर मिनिटांचा हिशेब. अडचण एकच. तापमान गाठीचं वाढवायचं आणि शेजारच्या निरोगी मांसाचं नाही, हे कसं साधायचं? बाहेरून गरम पाणी, रेडिओलहरी, मायक्रोवेव्ह, सगळं करून पाहिलं गेलं. उष्णता गाठीची सीमा ओळखत नाही.

ओळखायला लावता येईल का, हा प्रश्न टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नाओमी हलास आणि जेनिफर वेस्ट यांनी घेतला. हलास भौतिकीतल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या गटाने वाळूच्या, म्हणजे सिलिकाच्या, बारीक गोळ्यावर सोन्याचा पातळ पापुद्रा चढवून दाखवला. पापुद्रा किती जाड आणि आतला गोळा किती मोठा, या प्रमाणावर कण कुठला प्रकाश गिळणार हे ठरतं. त्याचा उपयोग असा: शरीराला प्रकाश आत जाऊ देणारी एक खिडकी आहे. दृश्य प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन अडवतं, फार लांब लहरींचा अवरक्त प्रकाश पाणी अडवतं. या दोघांच्या मधे, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, प्रकाश मांसातून काही सेंटिमीटरपर्यंत जातो. तळहातामागे टॉर्च धरली तर बोटं लाल दिसतात, ती याच खिडकीची कड. गोल सोन्याचा ५२० चा ताल या खिडकीच्या बाहेर पडतो. पापुद्र्याच्या कणाचा ताल आत आणता येतो. २००३ साली या गटाने उंदरांच्या गाठीत असे कण सोडून, चुंबकीय अनुनादाच्या प्रतिमेवर तापमान पाहत पाहत, लेझरने गाठ जाळून दाखवली.

तिकडे अटलांटात, जॉर्जिया टेकमध्ये, इजिप्तमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मुस्तफा एल-सय्यद सोन्याच्या दांड्यांवर काम करत होते. त्यांच्या पत्नीला स्तनाचा कर्करोग झाला होता. त्यांचा मुलगा आयव्हन डोक्या-मानेच्या कर्करोगाचा सर्जन. बापलेकांनी २००६ साली तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींवर प्रयोग केला. या पेशींच्या अंगावर एक विशिष्ट ग्राहक प्रथिन जास्त असतं. त्याला चिकटणारी प्रतिपिंडं सोन्यावर लावली, तर सोनं रोगट पेशींवर जास्त बसतं. मग लेझर. रोगट पेशी मारायला जी ऊर्जा लागली ती निरोगी पेशी मारायला लागणाऱ्या ऊर्जेच्या निम्म्याहूनही कमी होती. तोंडाचा कर्करोग आपल्याकडे पुरुषांत पहिल्या क्रमांकाचा आहे, आणि त्याचं मूळ तंबाखूत. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. बंदीनंतर गुटखा कुठे मिळतो हे प्रत्येक पानटपरीवाल्याला माहीत आहे, तो भाग वेगळा. सांगायचं एवढंच, की अटलांटातल्या त्या पेशी बहुतेक मराठी वाचकांना अनोळखी नाहीत.

आता पुण्याकडे वळू, कारण पुढचं प्रकरण गवती चहाचं आहे.

एनसीएलमध्ये मुरली शास्त्री यांचा गट २००० च्या आसपास नॅनोकणांवर काम करत होता. त्यांना २००२ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. त्यांच्या गटाला एक वेगळा नाद लागला होता. सोन्याचे कण बनवायचे तर सोन्याच्या क्षारातलं सोनं मुक्त करणारं काहीतरी रसायन लागतं. ते रसायन कारखान्यातलं का असावं? सजीवाकडूनच करून घेतलं तर? जैवरसायन विभागातले अबसार अहमद बुरशीचे जाणकार. दोघांनी मिळून बुरशींना कामाला लावलं. २००१ मध्ये व्हर्टिसिलियम या बुरशीने आपल्या पेशींत सोन्याचे कण साठवले. त्यातून कण बाहेर काढणं जिकिरीचं होतं. मग फ्युसेरियम ऑक्सिस्पोरम निघाली, जी कण पेशीबाहेर, द्रवातच तयार करते. हिच्या एका प्रकाराने हरभऱ्याला मर लागते. शेतकऱ्याच्या शिव्या खाणारी बुरशी पाषाणला सोनं घडवत बसली होती.

पण बुरशी संथ. दिवसांत काम करते. तेव्हा वनस्पती. जिरेनियमच्या पानांच्या अर्काने ते काही तासांत झालं, शिवाय त्या पानांत राहणाऱ्या बुरशीने वेगळ्या आकाराचे कण दिले. मग यादी वाढत गेली, आणि यादी वाचताना कुठल्याही मराठी माणसाला गंमत वाटेल, कारण ती घराच्या परसातून निघाल्यासारखी आहे. कडुनिंब, आवळा, चिंचेचा पाला, कोरफड. आणि गवती चहा.

गवती चहाचा शोधनिबंध नेचर मटेरियल्स या नियतकालिकात २००४ साली आला. लेखक सहा: एस. शिव शंकर, अखिलेश राय, बालाप्रसाद अंकमवार, अमित सिंग, अबसार अहमद आणि मुरली शास्त्री. कृती इतकी साधी की स्वयंपाकघरात बसून वाचावी. पानं धुवायची, बारीक चिरायची, पाण्यात उकळून काढा गाळून घ्यायचा. सोनं हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात विरघळवून जो पिवळा क्षार मिळतो, त्याचं फिकट द्रावण घ्यायचं. त्यात काढा मिसळून खोलीच्या तापमानाला ठेवून द्यायचं. काही तासांत पिवळं द्रावण लालसर-तपकिरी होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं ते मात्र स्वयंपाकघराचं नाही. कडा धारदार, पृष्ठभाग सपाट, प्रत्येक त्रिकोण एकाच अखंड स्फटिकाचा. बाजू शेकडो नॅनोमीटरची, जाडी त्या मानाने अगदी थोडी.

गोल कण का नाही, त्रिकोण का? या निबंधातला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे, आणि विज्ञानाच्या बातम्यांत तो बहुतेकदा वगळला गेला. गटाला दिसलं ते असं: आधी लहान गोल कणच तयार होतात. गवती चहातली अल्डिहाइडं आणि कीटोनं त्यांच्या पृष्ठभागाला धरतात, आणि त्यामुळे कण जणू द्रवासारखे मऊ वागतात. खोलीच्या तापमानाला, हजार अंशांच्या पुढे वितळणाऱ्या सोन्याचे कण एकमेकांना भेटून एकजीव होतात आणि सपाट पसरतात. गवती चहाचा जो लिंबासारखा वास आपण चहात ओळखतो, तो सिट्रलचा, आणि सिट्रल अल्डिहाइडच आहे. ज्याने चहाला वास येतो त्याच जातीच्या रेणूंनी इथे सोन्याला मऊ केलं होतं.

आणि चपटा त्रिकोण झाला की इलेक्ट्रॉनांना पळायला लांब बाजू मिळते, ताल बदलतो, शोषण लाल टोकाकडून अवरक्तात सरकतं. नेमकं त्या खिडकीत. काढा जास्त घातला की त्रिकोण लहान होतात आणि शोषण मागे येतं. कमी घातला की पुढे जातं. पुढच्याच वर्षी गटाने हे मोजून दाखवलं. त्या निबंधात सुचवलेला उपयोग ऐकून कोणालाही हसू येईल: खिडक्यांच्या काचांवर लेप द्यायचा, म्हणजे उन्हातली अवरक्त उष्णता काचेत अडेल आणि खोली थंड राहील. गाठीत शिरून तापायला योग्य असलेला कण घराच्या खिडकीला चिकटवायचा. मला ही सूचना क्षुल्लक वाटत नाही. त्यामागे एक प्रामाणिकपणा आहे. काचेला यकृत नसतं.

त्याच काळात पुणे विद्यापीठाच्या भौतिकी विभागात सुलभा कुलकर्णी यांचा गट ह्यूस्टनच्या वाटेने जात होता: सिलिकाच्या गोळ्यांवर धातूचे पापुद्रे. सुचिता काळेले, एस. डब्ल्यू. गोसावी, जे. उर्बान आणि कुलकर्णी यांनी २००६ साली करंट सायन्समध्ये अशा कवची कणांचा सविस्तर आढावा लिहिला. कुलकर्णींचं नॅनोतंत्रज्ञानावरचं पाठ्यपुस्तक पुढे कित्येक महाविद्यालयांत गेलं. ऑक्टोबर २००१ मध्ये केंद्र सरकारने नॅनो विज्ञानाचा उपक्रम सुरू केला होता, २००७ मध्ये त्याचं नॅनो मिशन झालं आणि पाच वर्षांसाठी १००० कोटी रुपये मंजूर झाले. पैसे होते, माणसं होती, कण होते. पुण्यात तेव्हा नॅनो या शब्दाचा दरवळ होता. सोन्याच्या भस्माच्या जाहिरातीही त्याच वाऱ्यावर तरल्या. आपल्या रसशास्त्रातलं सुवर्णभस्म तपासल्यावर त्यातही नॅनो मापाचे स्फटिक सापडतात, हे खरं. पण भस्माने गाठ जळत नाही. जाळतो तो प्रकाश, आणि तोही ठरावीक कणावर पडला तरच. या दोन गोष्टी एकाच पिशवीत घालून विकणाऱ्यांनी बरीच कमाई केली.

मग अडलं कुठे?

सोन्याच्या दुकानातला केर फुकट जात नाही. झारेकरी तो केर विकत घेतात, चाळतात, धुतात आणि कणकण सोनं वेगळं काढतात. शरीराकडे असा मुख्य झारेकरी म्हणजे मूत्रपिंड, आणि त्याची चाळणी फार बारीक आहे. साडेपाच-सहा नॅनोमीटरपेक्षा मोठा कण तिच्यातून जात नाही. ह्यूस्टनचा कण दीडशे नॅनोमीटरच्या आसपास, पाषाणचा त्रिकोण त्याहून मोठा. मोठे कण यकृत आणि प्लीहा पकडून ठेवतात. सोनं गंजत नाही, विरघळत नाही, म्हणूनच तर आपण ते पिढ्यान्‌पिढ्या तिजोरीत ठेवतो. रुग्णाच्या यकृतात मात्र तोच गुण अडचणीचा. महिने, कदाचित वर्षं तिथे सोनं बसून राहणार असेल तर परवाना देणारा अधिकारी विचारणारच: मग दहा वर्षांनी काय?

आणि दुसरा प्रश्न त्याहून कडू. कणांपैकी गाठीत पोचतात किती? १९८६ साली जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं होतं की गाठीतल्या घाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे मोठे रेणू तिथे झिरपून साठतात. नॅनोऔषधांची बहुतेक आशा या गळतीवर उभी होती. २०१६ साली टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांचे प्रसिद्ध निबंध एकत्र तपासले. आकडा निघाला ०.७ टक्के. शिरेतून दिलेल्या कणांपैकी मध्यक ०.७ टक्के गाठीत जातात. बाकीचे ९९ टक्क्यांहून जास्त शरीरात इतरत्र. या एका आकड्याने या क्षेत्रातल्या पुष्कळ मोठ्या बोलण्याचा आवाज खाली आणला, आणि बरं झालं.

म्हणून माझ्या मते या सगळ्या कहाणीतला महाराष्ट्राचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा पुण्यात घडला नाही, पवई आणि खारघर यांच्या दरम्यान घडला. आयआयटी मुंबईत रोहित श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेत अरविंद कुमार रेंगन यांनी प्रश्न उलटा केला. सोनं गाठीत कसं न्यायचं हा सगळ्यांचा प्रश्न होता. त्यांनी काम सुरू केलं ते सोनं परत बाहेर कसं काढायचं या टोकाने. कणाचा गाभा वाळूचा कशाला ठेवायचा? चरबीचा ठेवू. लायपोसोम म्हणजे चरबीच्या रेणूंचा पोकळ फुगा, शरीराला ओळखीचा, पचवता येण्याजोगा. त्यावर सोन्याचं कवच चढवायचं, पण अखंड पत्र्यासारखं नाही, तर बारीक सोनकणांचं. मोठा कण असताना तो अवरक्त प्रकाश गिळेल, गाठ जाळेल. यकृताने फुगा पचवला की कवच विस्कटेल आणि सुटे झालेले बारीक कण पित्तातून आणि लघवीतून निघून जातील. सोनं आणि लायपोसोम जोडण्याचा पहिला प्रयोग अमेरिकेत ॲरिझोनामध्ये २००८ साली झाला होता. मुंबईने त्याची सजीवातली परीक्षा पुढे नेली.

परीक्षा झाली खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन विभागात, ज्याला सगळे ॲक्ट्रेक म्हणतात, अभिजित डे यांच्या प्रयोगशाळेत. उंदरांमध्ये कॅन्सरच्या गाठी वाढवल्या, कण दिले, ७५० नॅनोमीटरच्या लेझरने गाठ तापवली. गाठी पूर्ण नष्ट झाल्या आणि उंदीर रोगाशिवाय अधिक काळ जगले. पण निबंधाचा खरा जीव पुढच्या भागात आहे. कण यकृताच्या पेशींत फुटताना आणि पित्त व मूत्रमार्गाने बाहेर पडताना त्यांनी प्रत्यक्ष दाखवले. रिंती बॅनर्जीही या कामात होत्या. २०१५ साली नॅनो लेटर्समध्ये ते प्रसिद्ध झालं. मथळे आले ते अर्थातच कॅन्सर जळाल्याचे. सोनं बाहेर आल्याचे कोणी दिले नाहीत.

माणसावरची पहिली ठोस चाचणी मात्र हलास-वेस्ट यांच्या कणाची झाली. त्यांच्या कंपनीने ते कण घेऊन न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात आर्देशिर रस्तिनेहाद यांच्या हाती दिले. प्रोस्टेटचा, कमी किंवा मध्यम धोक्याचा कर्करोग असलेले १६ पुरुष. आदल्या दिवशी शिरेतून कण, दुसऱ्या दिवशी प्रतिमांच्या आधाराने गाठीत घातलेली प्रकाशतंतूची काडी. म्हणजे काही सेंटिमीटरच्या खिडकीचा प्रश्न त्यांनी सरळ सोडवला, प्रकाश आतच नेला. १६ पैकी १५ जणांत प्रक्रिया यशस्वी झाली, गंभीर गुंतागुंत झाली नाही, लघवी आणि लैंगिक क्षमतेवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. २०१९ साली हे निष्कर्ष आले. १६ जण म्हणजे फार थोडे. पण १८५७ पासून चाललेली गोष्ट माणसापर्यंत आली होती. यात वाळूचा गाभा आणि न विरघळणारं सोनं, दोन्ही तसंच आहे. साठीच्या आसपासच्या रुग्णाच्या यकृतात थोडं सोनं राहिलं तरी जोखीम परवडते, असा तो हिशेब. तिशीतल्या तरुणाच्या तोंडाच्या कॅन्सरला तोच हिशेब लागू होईल असं नाही. पवईच्या कणाला भवितव्य असेल तर ते या फरकात आहे.

आता मांजरी. लस किंवा इंजेक्शन बनवणाऱ्या कारखान्यात सगळ्यात जास्त माणसं कशावर राबतात, तर कालची खेप आणि आजची खेप सारखी आहे हे सिद्ध करण्यावर. गवती चहा तसा नाही. पावसाळ्यात कापलेला आणि चैत्रात कापलेला, काळ्या मातीतला आणि मुरमाडातला, त्यांच्या अर्कातलं सिट्रलचं प्रमाण वेगळं. द्राक्षाची गोडी हंगामागणिक कशी बदलते हे मांजरीच्या द्राक्ष केंद्रातल्या कुठल्याही माणसाला विचारा. काढ्यातलं प्रमाण बदललं की त्रिकोणाचं माप बदलणार, माप बदललं की प्रकाश बदलणार, आणि मग डॉक्टरने लेझर कुठला लावायचा? पाषाणला जी सहजता होती, परसातल्या झाडाने सोनं घडवण्याची, तीच मांजरीच्या दाराशी अडसर झाली. त्रिकोणांबरोबर गोल कणही तयार होत. ते वेगळे करायचे हे आणखी एक काम. २००४ च्या निबंधात यातलं काही लपवलेलं नाही. निबंध कारखान्यासाठी लिहिलेलाच नव्हता.

मुरली शास्त्री स्वतः त्यानंतर लवकरच एनसीएल सोडून टाटा केमिकल्सच्या पुण्यातल्या संशोधन केंद्रात गेले. २००९ च्या डिसेंबरमध्ये टाटा स्वच्छ नावाचा पाणी शुद्ध करणारा फिल्टर बाजारात आला: भाताच्या तुसाची राख आणि तिच्यावर चांदीचे नॅनोकण. न वीज, न नळाचा दाब. पाण्यातले जंतू मारायला कण एकाच मापाचे लागत नाहीत, लेझर लागत नाही, आणि कण कुणाच्या रक्तात जात नाहीत. पुण्याच्या नॅनोकणांची विद्या घरोघर पोचली ती अशी, चांदीच्या रूपाने, स्वयंपाकघराच्या ओट्यावर.

रेंगन आता आयआयटी हैदराबादला आहेत आणि पचणाऱ्या कणांवर काम करत आहेत. सोन्याऐवजी शरीराला परिचित रंगद्रव्यं वापरून अवरक्त प्रकाश गिळवता येईल का, असा एक प्रवाह जगभर सुरू आहे; इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य डोळ्यांचे डॉक्टर पूर्वीपासून वापरतातच. तसं झालं तर या उपचारातून सोनंच बाद होईल. अंकमवार पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात शिकवू लागले आणि वनस्पतींच्या अर्कातून कण बनवण्याचं काम त्यांनी तिथेही चालू ठेवलं.